कोच ठेवायचा की काढायचा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला आणि म्हणाले, "तू फुटबॉलवर बोल. शाळेच्या संघात होतास, आता मडगावला असतोस, मॅचेस बघतोस. दहा मिनिटं बोल, जास्त नको." मी लगेच हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर फुटबॉलच्या आडून मला एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे. ज्यांच्यासमोर करायची ते आपले सर पहिल्याच रांगेत बसले आहेत, म्हणून घसा जरा कोरडा पडलाय.

आधी गोव्याचं सांगतो. इंग्लंडमध्ये फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. मीही मॅनेजरच, पण बँकेतला. मला ठेवायचं की काढायचं यावर सुदैवाने अजून कोणी घोषणा दिलेल्या नाहीत. फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये मात्र हा प्रश्न प्रत्येक मोसमात असतो. मॅच संपली की बाहेर भाजी-पाव खाताना माणसं दुसरं काही बोलतच नाहीत.

एफसी गोवा हा क्लब २०१४ साली सुरू झाला. पहिले कोच ब्राझीलचे झिको. २०१५ मध्ये फातोर्ड्यालाच अंतिम सामना झाला. गोवा २-१ ने पुढे होता आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन चेन्नईकडून ३-२ ने हरला. पुढच्या वर्षी संघ तळाला गेला आणि झिको गेले. २०१७ मध्ये स्पेनहून सर्जिओ लोबेरा आले. त्यांचा संघ खेळायचा कसा, तर चेंडू आपल्याकडे ठेवायचा, छोटे छोटे पास द्यायचे आणि सतत हल्ला करायचा. पहिल्याच मोसमात साखळीच्या १८ सामन्यांत ४२ गोल. दुसऱ्या मोसमात अंतिम फेरी गाठली, तिथे बंगळूरूच्या राहुल भेकेने जादा वेळेत गोल केला आणि गोवा १-० ने हरला. मग २०१९ च्या एप्रिलमध्ये सुपर कप जिंकला. क्लबच्या या जन्मातली ती पहिली मोठी ट्रॉफी.

तरीही भांडण होतंच. एक बाजू म्हणायची, हा माणूस सुंदर खेळवतो, पण मोठ्या सामन्यात गळपटतो, बचाव कच्चा ठेवतो. दुसरी बाजू म्हणायची, अरे, तळाचा संघ वर कोणी आणला? मी आपला कडेला उभा राहून ऐकायचो. मत विचारलं तर म्हणायचो, "मी रत्नागिरीचा, मला काय कळतंय!"

आणि ३१ जानेवारी २०२० ला क्लबने लोबेरांना निरोप दिला. संघ गुणतक्त्यात सर्वांत वर होता आणि साखळीचे तीनच सामने उरले होते! क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच जुन्या खेळाडूकडे तात्पुरती सूत्रं आली. पुढचे तीन सामने ऐका. हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२, जमशेदपूरला ५-०. तीन सामन्यांत १४ गोल. गोवा साखळीत पहिला आला, लीगची ढाल मिळाली, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

आता सांगा, बरोबर कोण? "काढा" म्हणणारे म्हणाले, बघा, काढला आणि गोलांचा पाऊस पडला. मुंबईच्या सामन्यानंतर माझ्या शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ मात्र शांतपणे म्हणाले, "हे पाचही गोल गेलेल्या माणसाचेच आहेत. तीन वर्षं घोटून घेतलेलं पंधरा दिवसांत विसरतं होय?"

मित्रांनो, ते वाक्य ऐकलं आणि मला आपलं मैदान आठवलं.

१९८७ साली मी नववीत होतो. भूगोल शिकवणारे आपले सरच फुटबॉलही घ्यायचे. पावसाळ्यात तांबड्या चिखलात आणि पाऊस उघडला की ओहोटीच्या वेळी भाट्याच्या वाळूत. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "चेंडू पायात ठेवू नका, द्या!" जांभ्याच्या कुंपणाच्या भिंतीवर शंभर वेळा चेंडू मारायचा आणि परत आलेला पहिल्याच स्पर्शात पुन्हा मारायचा. आम्हाला कंटाळा यायचा. आम्हाला तीन जणांना चकवून गोल मारायचा असे. कारण आदल्याच वर्षी वर्ल्ड कपमध्ये मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध तसा मारला होता आणि आम्ही सगळे स्वतःला मॅराडोना समजत होतो.

त्या वर्षी तालुक्याच्या अंतिम सामन्यात आपण हरलो, सलग दुसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला की सरांमुळे संघ हरतो, तरी दुसरे शिक्षक द्यावेत. अकरा सह्या. मजकूर माझा, अक्षरही माझंच, कारण वर्गात माझं अक्षर बरं होतं.

अर्ज मान्य झाला. सरांकडून फुटबॉल काढला आणि दुसऱ्या शिक्षकांकडे दिला. सर मुकाट्याने चेंडूंची जाळी आणि खोलीची किल्ली देऊन गेले. पुढच्या वर्षी आपण तालुका जिंकलो. ढाल घेऊन मारुती मंदिरापासून शाळेपर्यंत नाचत आलो. ढाल कार्यालयातल्या कपाटात लागली. आणि मी तेहतीस वर्षं मनाशी म्हणत राहिलो, अर्ज बरोबर होता.

फातोर्ड्याच्या त्या रात्री पहिल्यांदा हिशेब उलटा मांडला. तालुक्याच्या अंतिम सामन्यात जिंकणारा गोल कसा झाला होता? डावीकडून एक पास, पहिल्याच स्पर्शात दुसरा, तिसऱ्याने जाळ्यात. एकानेही चेंडू पायात ठेवला नव्हता. तो गोल भिंतीवरचा होता. नव्या सरांचं श्रेय मी नाकारत नाही, त्यांनी आम्हाला हुरूप दिला. पण पाय घडवले होते आधीच्या सरांनी.

म्हणजे कोच कधीच बदलू नये का? तसंही नाही. त्याच मोसमात चेन्नईने डिसेंबरात नवे कोच आणले, ओवेन कॉयल. त्या चेन्नईने उपांत्य फेरीत आमच्या गोव्याला दोन सामने मिळून ६-५ ने हरवलं. बदल त्यांना फळला. उलट मँचेस्टर युनायटेडमध्ये फर्ग्युसनना काढा म्हणून १९८९ साली प्रेक्षकांनी फलक धरला होता. क्लबने ऐकलं नाही. पुढे ते २०१३ पर्यंत राहिले आणि १३ वेळा लीग जिंकले. आणि लोबेरा? ते मुंबईला गेले, गोव्याचे चार खेळाडूही तिकडे गेले. २०२१ च्या उपांत्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टीवर हरवलं आणि लोबेरांनी अखेर चषक उचलला, तोही फातोर्ड्याच्याच मैदानावर. करोनामुळे गॅलरी रिकामी होती. भांडायलासुद्धा कोणी नव्हतं.

म्हणून ठेवायचा की काढायचा याचं उत्तर माझ्याकडे नाही. प्रेक्षकांनी वाद घालावा, तो त्यांचा हक्क आहे. पण आम्ही प्रेक्षक नव्हतो, त्यांचीच मुलं होतो. अर्ज करण्याआधी एकदा तरी त्यांना जाऊन विचारायला हवं होतं, की सर, हे भिंतीवर मारणं कशासाठी? ते आम्ही केलं नाही. आणि त्याहून मोठी चूक नंतरची. ढाल मिळाली त्या दिवशी आम्ही मिरवणुकीने शाळेत आलो. सर सातवीच्या वर्गात नकाशा लावत होते. खिडकीतून त्यांनी बघितलं. आमच्यातला एकही जण ढाल घेऊन त्या वर्गात गेला नाही.

सर, तो अर्ज मी लिहिला होता. तुम्हाला माहीत असणारच, कारण वर्षभर माझे भूगोलाचे पेपर तुम्हीच तपासत होतात, अक्षर ओळखलं नसेल असं कसं म्हणू? तरी वार्षिक परीक्षेत तुम्ही माझा एक गुणही कमी केला नाहीत. अकरापैकी सात जण आज या सभागृहात आहेत. त्यांना विचारूनच बोलतोय. आमचं चुकलं. क्षमा करा.

मुख्याध्यापकांना विनंती करून ती ढाल कपाटातून बाहेर काढून घेतली आहे. भाषण संपलं की आम्ही सातही जण ती तुमच्याकडे घेऊन येतोय. यायला उशीर झाला, त्याचे गुण खुशाल कापा.