आभाळातली वाफ आणि आपली पेरणी



आभाळ भरून येतं, पण पाऊस पडत नाही. का? हवेत नुसती वाफ असून भागत नाही. ती वर चढून थंड व्हावी लागते. म्हणून वेधशाळा वाफ उंचीउंचीवर मोजते. नागपुरातून त्यासाठी फुगा सोडतात. त्याला बांधलेलं यंत्र हवेचा दाब, तापमान, दमटपणा रेडिओवरून खाली कळवतं. २०२४ साली सोडलेल्या इन्सॅट-३डीएस उपग्रहावरही असं मोजमाप करणारं यंत्र आहे.

हा अंदाज जरूर ऐका. पण एका फुग्यावरून प्रत्येक शिवाराचा पाऊस कळत नाही. नाल्याच्या अलीकडे पडतो, पलीकडे कोरडं! तेव्हा जमीन उकरा, वीतभर ओल बघा, मगच सरकी टोबा. दुबार पेरणीचं बियाणं कोणी फुकट देत नाही.