उमेदवारीचे तास
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी ‘परदेशातील वैद्यकीय शिक्षण’ असा ऐसपैस विषय आम्हांस नेमून दिला होता. तो साद्यंत मांडू लागलो तर बाहेर पंगत खोळंबेल. यास्तव त्यातील एक लहानसा कोपराच आम्ही निवडला आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतून अलीकडे ‘फिजिशियन असिस्टंट’ या अभ्यासक्रमाकडे मुलामुलींचा, त्यातही मुलींचा, ओढा दिसतो. पहिल्याच खेपेस ज्यांना प्रवेश मिळाला त्यांना आमच्या उपदेशाची गरज नाही. ज्यांच्या हाती नकाराची पत्रे आली त्यांनी पुढील वर्षे कशी घालवावी, आणि त्यांच्या आईवडिलांनी व आजीआजोबांनी त्या काळात काय करू नये, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. “मुलीला अमेरिकेत पाठवून शेवटी कंपाउंडर करणार काय?” असा प्रश्न आपल्याच मंडळींत विचारला गेलेला आम्ही ऐकला आहे. हा व्यवसाय कंपाउंडरचा नव्हे, परिचारिकेचाही नव्हे. फिजिशियन असिस्टंट रोग्याला तपासतो, निदान करतो, तपासण्या सांगतो, अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत औषध लिहून देऊ शकतो, शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनच्या समोर उभा राहून हातभार लावतो. पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा, आणि मग राज्याचा परवाना, असा हा मार्ग आहे. ‘असिस्टंट’ या शब्दाने होणारा गैरसमज तिकडेही असल्यामुळे त्यांच्या संघटनेने २०२१ साली ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारले; कायद्याच्या पुस्तकांत मात्र जुने नावच बहुतेक ठिकाणी टिकून आहे.

या व्यवसायाचा जन्म कसा झाला हे कळल्यावाचून प्रवेशाची अट नीट उमजत नाही. १९६५ साली उत्तर कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. त्या काळी तेथे डॉक्टरांचा तुटवडा होता. दुसरीकडे नौदलातील वैद्यकीय सेवक नोकरी संपवून घरी परतत होते. जखमा बांधणे, सुया देणे, मरणाच्या दारी असलेल्या माणसाजवळ न डगमगता बसणे हे सारे त्यांच्या अंगवळणी पडले होते. परंतु नागरी जीवनात त्या कौशल्याला नाव नव्हते आणि हुद्दाही नव्हता. स्टेड यांच्या पहिल्या वर्गात असे चार माजी नौसैनिक होते. त्यांपैकी तिघे १९६७ साली उत्तीर्ण झाले. पुढे १९६९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी सुरू केलेल्या मेडेक्स या योजनेतही सैन्यातील असेच अनुभवी सेवक घेण्यात आले. म्हणजे या विद्येत हात आधी शिकले आणि पुस्तक मागाहून आले. अनुभवी माणसाला थोड्या वर्षांत तयार करता येते हेच या अभ्यासक्रमाचे मूळ गृहीत होय. अनुभवाचा रकाना रिकामा असलेल्या अर्जाकडे अनेक संस्था साशंकतेने पाहतात, त्याचे कारण या इतिहासात आहे.

आता तासांकडे येऊ. बहुतेक संस्थांना एकाच मध्यवर्ती सेवेमार्फत अर्ज जातो. तिला ‘कॅस्पा’ म्हणतात. त्या अर्जात रोग्याची प्रत्यक्ष काळजी घेतल्याचे तास एका सदरात, रुग्णालयातील इतर कामाचे तास दुसऱ्या सदरात, आणि डॉक्टरांच्या मागे उभे राहून नुसते पाहिल्याचे तास तिसऱ्या सदरात मांडावे लागतात. रुग्णालयाच्या नोंदणीच्या टेबलावर वर्षभर बसलेल्या मुलाला आपण ‘दवाखान्यात नोकरी केली’ असे वाटते. परंतु त्याचे तास पहिल्या सदरात पडत नाहीत. डॉक्टरांचे बोलणे टिपून घेणाऱ्या लेखनिकाच्या कामाविषयी तर संस्थासंस्थांत मतभेद आहेत. कोणी ते मानतात, कोणी मानत नाहीत. काही संस्था तासांची अटच घालत नाहीत, काही पाचशे मागतात, काही हजार, तर काही दोन हजार. यास्तव ज्या दहाबारा संस्थांकडे अर्ज करावयाचा असेल त्यांचे नियम आधी वाचावे, नंतर नोकरी धरावी. आमच्या पाहण्यात मुले नेमके याच्या उलट करतात.

नोकऱ्या कोणत्या? रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञाची, रक्त काढणाऱ्याची, दवाखान्यातील वैद्यकीय मदतनीसाची, आणि परिचारिकेच्या हाताखालील प्रमाणित मदतनीसाची. या शेवटच्या कामाचे शिक्षण केंद्रीय नियमाप्रमाणे किमान ७५ तासांचे असते. राज्ये त्यात भर घालतात, कॅलिफोर्नियात ते १६० तासांचे आहे. त्यानंतर परीक्षा होते. शिक्षण थोड्या आठवड्यांचे, फी आवाक्यातली, आणि काम बहुधा लवकर मिळणारे. वृद्धाश्रमांतून अशा मदतनीसांची सदैव वाण असते.

आणि येथेच आपली कुटुंबे अडखळतात. या कामात काय करावे लागते? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला व्रण पडतात. त्याला न्हाऊ घालावे लागते, भरवावे लागते. त्याचे मलमूत्र काढावे लागते, आणि नुसते काढून भागत नाही. लघवी किती झाली हे मापून लिहावे लागते, कारण तो आकडा उद्या डॉक्टर पाहणार असतो. खुर्चीत बसविण्यापूर्वी चाके अडकवली आहेत की नाहीत हे पाहावे लागते. बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्याही पुष्कळदा रात्रीच्या. पदवीधर मुलगी हे काम करते हे कळताच इकडून दूरध्वनी सुरू होतात. “आपल्या घराण्यात कोणी असले काम केले नाही,” असे आजोबा म्हणतात. स्थळ आले तर हे सांगावे की झाकावे, असा खल माजघरात चालतो.

ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलतो आहोत म्हणून स्पष्ट बोलणे अधिकच अगत्याचे वाटते. आपल्या घराण्यात कोणी हे काम केले नाही हे खरे असेल. पण घरातले आजारपण आणि बाळंतपण कोणी काढले? आपल्याच आज्यांनी आणि माम्यांनी काढले, आणि त्याला आपण काम असे कधी म्हटलेच नाही. आणि घराबाहेरची घाण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उपसली त्यांना आपण अंगणापलीकडे ठेवले. ‘हलके काम’ हा शब्द या दोन गोष्टींतून जन्मला आहे. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात तो सापडावयाचा नाही. सेवाग्रामात महात्मा गांधींनी कुष्ठरोगाने पीडित असलेल्या परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा स्वहस्ते केली, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. तीच शुश्रूषा नातीने ओहायोत केली म्हणजे स्थळाच्या पत्रिकेतून ती गाळावी, हा न्याय आमच्या बुद्धीस पटत नाही.

शिवाय त्या कामात विद्या आहे. रोज सकाळी ज्याला आपण उठवतो तो म्हातारा आज नेहमीचे गाऱ्हाणे करीत नाही, पाणी मागत नाही, नाव विचारले तर चुकीचे सांगतो. हा फरक सर्वांआधी त्या मदतनीस मुलीला दिसतो. तिने तो परिचारिकेला वेळीच सांगितला तर अंगात मुरत चाललेला संसर्ग सापडतो. रोग्याची नेहमीची अवस्था कोणती आणि बिघडलेली कोणती, ही पारख वर्गात बसून येत नाही. मुलाखतीला बसलेले लोक तासांची बेरीज कागदावरच पाहतात. समोर बसलेल्या उमेदवाराला ते एखाद्या रोग्याविषयी विचारतात. त्या वेळी ज्याने खरोखर काम केले आहे त्याला शब्द शोधावे लागत नाहीत.

वेळेचा हिशेब सांगितला पाहिजे. अर्जाचा हंगाम साधारण एप्रिलच्या अखेरीस उघडतो, आणि पुष्कळ संस्था अर्ज येतील तसतसे विचारात घेतात. म्हणून लवकर गेलेला अर्ज बरा. समजा, जानेवारीत नकार आला. फेब्रुवारी-मार्च शिक्षणात व परीक्षेत गेले. एप्रिलमध्ये नोकरी लागते न लागते तोच नवा अर्ज करावयाचा, तर पदरी तास किती? जवळजवळ शून्य. हाच अर्ज एक वर्ष थांबून केला, आणि आठवड्यास छत्तीस तास काम केले, तर बावन्न आठवड्यांत १,८७२ तास होतात. तोच अर्ज त्याच संस्थांकडे पुन्हा धाडून दुसरा नकार ओढवून घेण्यापेक्षा एक हंगाम सोडलेला बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरच्या मंडळींना मात्र एक हंगाम सोडणे म्हणजे वर्ष फुकट गेल्यासारखे वाटते, आणि त्या घाईपायी मूल पुन्हा अपुरा अर्ज करते.

पण तास म्हणजे सर्वस्व नव्हे. रसायनशास्त्रात किंवा शरीरक्रियाशास्त्रात गुण कमी पडले असतील तर दोन हजार तासही ते भरून काढीत नाहीत. पुष्कळ संस्था चारपैकी किमान तीनची सरासरी मागतात. आणि विषय पुन्हा घेऊन चांगले गुण मिळवले तरी कॅस्पा जुने गुण पुसत नाही, दोन्ही धरून सरासरी काढते. यास्तव नकार कशामुळे आला हे प्रथम शोधावे. काही संस्था विचारल्यास कारण सांगतात, नम्रपणे विचारावे. शिफारसपत्रही बदलावे. कौटुंबिक स्नेह्याचे, कितीही मोठ्या हुद्द्याचे असले, तरी ज्याने मुलाला रोग्याजवळ काम करताना पाहिले आहे अशा माणसाच्या साध्या पत्रापुढे ते फिके पडते. कामाची तारीखवार वही ठेवावी, तास आणि वरिष्ठाचे नाव लिहावे. रोग्याचे नाव मात्र त्यात कधीही येऊ देऊ नये. १९९६ च्या तेथील कायद्याने रोग्याच्या माहितीची गुप्तता राखणे बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी ते उचितच होते.

आता एक नाजूक गोष्ट. या सभेत डॉक्टर मंडळी बरीच बसली आहेत आणि त्यांना आम्ही काय म्हणतो ते ताबडतोब कळेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा किंवा पुतणी अमेरिकेतून येते, तीन आठवडे काकांच्या दवाखान्यात बसते, आणि परत जाताना सहाशे तासांचे प्रमाणपत्र मागितले जाते. नाते आडवे येते म्हणून ‘नाही’ म्हणवत नाही. तीन आठवड्यांत रात्रंदिवस जागले तरी ५०४ तासच होतात, हे गणित तिकडचा तपासनीसही करू शकतो. वरिष्ठाचा पत्ता अर्जात द्यावाच लागतो. परंतु आमचा आक्षेप त्याहून गंभीर आहे. शिक्षण न घेतलेल्या मुलाच्या हाती सुई देऊन ‘जरा अनुभव घे’ म्हणणे हे ज्या गरीब रोग्याच्या दंडावर घडते, त्याला नकार देण्याचे बळ नसते. आपला पुतण्या उद्या अमेरिकेत नामांकित होईल, परंतु तो त्या दंडाच्या बळावर होऊ नये. काकांनी त्याला शेजारी उभे राहून पाहू द्यावे, रोग्याची संमती घेऊन पाहू द्यावे, आणि जितके पाहिले तितकेच, ‘पाहिले’ या सदरात, लिहून द्यावे.

येथून विवाहानंतर किंवा शिक्षणासाठी जाणाऱ्यांची अडचण निराळी आहे. विद्यार्थी म्हणून गेलेल्यास पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवाराबाहेर पगारी काम करता येत नाही, आणि पुढेही परवानगी आपल्या विषयाशी निगडित कामापुरतीच मिळते. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या सुनेला शिकता येते. नोकरीची मुभा मात्र २०१५ च्या नियमाप्रमाणे काहींनाच, नवऱ्याच्या कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचला असेल तर, मिळते. शिवाय बऱ्याच संस्था नागरिक किंवा कायम रहिवासी यांनाच घेतात. हे सारे लग्नाआधी चौकशी करून घ्यावे. “तिकडे गेल्यावर बघू” या वाक्याने हुशार मुलींची चारचार वर्षे खाल्ली आहेत. आपल्या देशातही हा अभ्यासक्रम आहे. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनने तो १९९२ साली आणला आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाचा समावेश झाला. तथापि येथील पदवीवर अमेरिकेतील राष्ट्रीय परीक्षेस बसता येत नाही, तेथील मान्यताप्राप्त संस्थेचीच पदवी लागते. येथेच काम करणाऱ्यास ही उणीव भासण्याचे कारण नाही.

शेवटी कार्यकारिणीपुढे एक विनंती ठेवतो. आपला शिक्षणनिधी आज प्रवेशपत्र दाखवल्यावरच मदत देतो. प्रवेश न मिळालेल्या आणि उमेदवारी करू इच्छिणाऱ्या मुलांसाठी मदतनीसाच्या किंवा रुग्णवाहिका-तंत्रज्ञाच्या शिक्षणाची फी बिनव्याजी उसनी देण्याची सोय त्यातून करता येईल काय, याचा विचार व्हावा. रक्कम मोठी नाही, आणि परतफेड पहिल्या काही महिन्यांच्या पगारातून होण्यासारखी आहे. ही सोय इकडे परिचर्येचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या, लहान गावांतील आपल्या मुलींनाही लागू करावी. त्यांची गरज अमेरिकेतल्या मुलांपेक्षा अधिक आहे. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा असा लेखी अर्ज आम्ही चिटणीसांकडे दिला आहे. ज्यांची त्यास अनुमती असेल त्यांनी भोजनोत्तर त्यावर सही करावी.