पार्लमेंट बंद ठेवता येते का?



आज आम्ही तुम्हांला विलायतेतली एक हकीकत सांगणार आहोत. ती फार जुनी नाही. सन २०१९ मधली आहे. तिच्यात राणी आहे, पंतप्रधान आहेत, कोर्टकचेरी आहे आणि रस्त्यावर उतरलेली साधी माणसेही आहेत. पण ही काही राजाराणीची कहाणी नव्हे. ही खरोखर घडलेली गोष्ट आहे. तिच्यातला प्रश्न एवढाच : देशापुढे मोठा पेच पडला असताना सरकारला पार्लमेंट बंद ठेवता येते का?

पार्लमेंट म्हणजे काय, हे आधी पाहू. आपल्याकडे दिल्लीला लोकसभा भरते. ब्रिटनमध्ये तशी सभा लंडनला भरते. तिच्यात ६५० खासदार असतात. लोक त्यांना मते देऊन पाठवतात. तिच्या जोडीला एक वरचे सभागृहही आहे. या पार्लमेंटची मुख्य कामे तीन. ते कायदे करते. सरकारच्या खर्चाला मंजुरी देते. आणि तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. ते सरकारला जाब विचारते. पंतप्रधान असला तरी त्याला सभेत उभे राहून उत्तर द्यावे लागते.

आता पेच काय होता, ते ऐका. युरोपातल्या २८ देशांचा मिळून एक संघ होता. त्याचे नाव युरोपीय संघ. एका देशाचा माल दुसऱ्या देशात जकातीवाचून जाई. माणसेही एका देशातून दुसऱ्या देशात कामधंद्याला जात. ब्रिटन १९७३ साली या देशांच्या गटात सामील झाला होता. पुढे पुष्कळांना वाटू लागले, की आपले कायदे बाहेर ठरतात, हे बरे नव्हे. आपण वेगळे व्हावे. दुसरे म्हणत, एकत्र राहण्यातच आपला फायदा आहे. व्यापार चालतो, रोजगार मिळतो.

शेवटी २३ जून २०१६ रोजी सर्व मतदारांनाच कौल विचारला. बाहेर पडा म्हणणारे निघाले १ कोटी ७४ लाख. राहा म्हणणारे निघाले १ कोटी ६१ लाख. म्हणजे शंभरांत ५२ एका बाजूला आणि ४८ दुसऱ्या बाजूला. इंग्लंड आणि वेल्स या भागांनी बाहेर पडा म्हटले. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी राहा म्हटले. देशात दोन तट पडले. घराघरांतही पडले.

कौल तर मिळाला. पण बाहेर कसे पडायचे, हे मतपत्रिकेवर कुठे लिहिले होते? भावाभावांनी वेगळे व्हायचे ठरवले, तरी विहिरीचे पाणी कसे वाटायचे, बांध कुठे घालायचा, कर्ज कोणी फेडायचे, हे ठरवावेच लागते ना? तसेच तिथे झाले. पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी बोलणी करून एक करार आणला. सभेने तो २०१९ मध्ये तीन वेळा नाकारला. मे बाई पायउतार झाल्या. २४ जुलै २०१९ रोजी बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. त्यांनी सांगितले, ३१ ऑक्टोबरला आपण बाहेर पडणारच. करार झाला तर करारासह, नाही तर करारावाचून.

करारावाचून बाहेर पडायचे म्हणजे एका रात्रीत जुने नियम तुटायचे. बंदरावर मालमोटारी अडतील, औषधे वेळेवर पोचणार नाहीत, अशी पुष्कळांना धास्ती होती. सभेतल्या बहुसंख्य खासदारांना ही जोखीम नको होती. बाहेर पडा म्हणणारे उलट म्हणत, ही भीती दाखवून लोकांचा कौल बुडवण्याचा डाव आहे. तीन वर्षे झाली, आणखी किती थांबायचे?

अशा वेळी जॉन्सन यांनी राणी एलिझाबेथ यांना सल्ला दिला, की पार्लमेंट तहकूब करावे. तिथल्या रिवाजाप्रमाणे राणी पंतप्रधानाचा सल्ला मोडत नसत. २८ ऑगस्ट रोजी त्यांनी हुकूम दिला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून १४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाच आठवडे, पार्लमेंट बंद राहणार होते. पुढे ३१ ऑक्टोबरला किती दिवस उरले? अवघे सतरा.

इथे एक फरक नीट समजून घ्या. सभा न भरण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार सुटीचा. ती सभा आपल्या मताने घेते. सुटीतही खासदारांच्या समित्या काम करू शकतात, सरकारला लेखी प्रश्न विचारता येतात. दुसरा प्रकार बरखास्तीचा. त्यात सभाच संपते आणि नवी निवडणूक होते. तिसरा प्रकार तहकुबीचा. त्यात खासदार खासदारच राहतात, पण त्यांना काही करता येत नाही. चर्चा बंद, प्रश्न बंद, समित्याही बंद. आणि तहकुबीसाठी सभेचे मत घ्यावे लागत नाही. सरकारने सल्ला दिला की झाले.

तहकुबी ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. एक अधिवेशन संपवून दुसरे सुरू करताना ती दरवेळी करतात. पण तेवढ्यासाठी थोडे दिवस पुरतात. इथे पाच आठवडे कशाला, असा प्रश्न लोकांनी विचारला.

गावोगावी वाद पेटला. लंडनमध्ये आणि इतर शहरांत माणसे फलक घेऊन रस्त्यावर आली. पार्लमेंटकडे जो विनंतीअर्ज गेला, त्यावर दहा लाखांहून जास्त लोकांनी नावे नोंदवली. सभेचे सभापती जॉन बर्को यांनीही या निर्णयाला उघड विरोध केला. जॉन मेजर हे जॉन्सन यांच्याच पक्षाचे जुने पंतप्रधान. तेसुद्धा पुढे या निर्णयाविरुद्ध कोर्टात उभे राहिले.

पण दुसऱ्या बाजूचे म्हणणेही आपण ऐकले पाहिजे. सरकार म्हणाले, चालू अधिवेशन २०१७ पासून दोन वर्षांहून जास्त लांबले आहे. नव्या सरकारला नवा कार्यक्रम मांडायचा आहे. शिवाय सप्टेंबरात पक्षांच्या परिषदा असतात. तेव्हा सभेला एरवीही सुटी असतेच. सरकारच्या बाजूची माणसे आणखी एक गोष्ट विचारत. सर्व मतदारांनी कौल दिला, तो मोठा, की ६५० खासदार मोठे? हा प्रश्न काही पोरकट नव्हता. लाखो माणसे मनापासून तो विचारत होती. आपल्या मताला किंमत राहिली नाही, असे त्यांना वाटत होते.

उलट बाजूने उत्तर आले. कौल लोकांनी दिला, हे कबूल. पण त्या कौलाची अंमलबजावणी कशी करायची, ते सभेत सर्वांदेखत ठरवा. सभाच बंद ठेवली, तर पंतप्रधानाला विचारणारे कोण उरले?

सप्टेंबरच्या आरंभी सभेला थोडेच दिवस मिळाले. तेवढ्यात खासदारांनी घाईघाईने एक कायदा केला. सभेने मान्य केल्यावाचून करार न करता बाहेर पडू नये, नाही तर पंतप्रधानाने संघाकडे मुदत मागावी, असा तो कायदा. जॉन्सन यांच्याच पक्षाच्या २१ खासदारांनी या कामी सरकारविरुद्ध मत दिले. त्यांना पक्षाने बाहेर काढले. मग १० सप्टेंबरच्या पहाटे, अंधार असतानाच, पार्लमेंट तहकूब झाले.

आता प्रकरण कोर्टात गेले. तिथेही एकमत नव्हते. स्कॉटलंडच्या न्यायाधीशांनी ठरवले, ही तहकुबी बेकायदा आहे. लंडनच्या न्यायाधीशांनी ठरवले, हे राजकारण आहे, यात कोर्टाने हात घालू नये. म्हणून दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तिथे अकरा न्यायाधीश बसले. अध्यक्षस्थानी ब्रेंडा हेल या बाई होत्या. तीन दिवस दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून २४ सप्टेंबर २०१९ रोजी निकाल दिला. अकराही जण एकमताचे होते.

निकाल काय? सरकारला तहकुबीचा अधिकार आहे, पण त्या अधिकाराला हद्द आहे. पार्लमेंटचे काम अडेल अशी तहकुबी करायची, तर तसे सबळ कारण पाहिजे. पाच आठवडे सभा बंद ठेवण्याचे कारण सरकारने कोर्टापुढे मांडलेच नाही. पंतप्रधानाच्या मनात काय होते, यात कोर्ट शिरले नाही. त्याने परिणाम पाहिला. देशात एवढा मोठा बदल होऊ घातला आहे आणि नेमक्या त्याच वेळी जाब विचारणारी सभा बंद. म्हणून तहकुबी मुळातच रद्द. जणू राणीच्या नावाने कोरा कागद आला होता, असे धरावे. दुसऱ्याच दिवशी खासदार सभेत येऊन बसले. पंतप्रधानांनी सांगितले, निकाल आम्हांला पटला नाही, पण आम्ही तो मानू. आणि ते सभेत येऊन बोलले.

मंडळी, कोर्टाने काय सांगितले नाही, तेही ध्यानात घ्या. संघात राहावे की बाहेर पडावे, यावर कोर्टाने काही मत दिले नाही. तो निर्णय लोकांचा आणि सभेचा, तो तुम्ही करा, पण सभेचे दार उघडे ठेवून करा, एवढेच त्याने म्हटले.

पुढे काय झाले? कोर्टात हरलेल्या जॉन्सन यांनी संघाशी नवा करार केला. मुदत वाढली. १२ डिसेंबर २०१९ रोजी निवडणूक झाली. तिच्यात जॉन्सन यांच्या पक्षाला ६५० पैकी ३६५ जागा मिळाल्या. नव्या सभेने करार मंजूर केला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. करारावाचून नव्हे, करारासह पडला. म्हणजे पाहा, ज्यांनी दार लावले, त्यांना हवे होते ते शेवटी उघड्या दारानेच मिळाले. जे हरले, त्यांनाही आपले म्हणणे सभेत मांडता आले. कोर्टाने हात घालायला नको होता, असे म्हणणारी माणसे तिथे आजही आहेत. पण सभा भरली आणि मतदान झाले, म्हणून हरलेल्यांनी निकाल मानला.

या देशाला असा जपून वागण्याचा धडा फार पूर्वी मिळाला होता. पहिला चार्ल्स नावाच्या राजाने १६२९ पासून अकरा वर्षे पार्लमेंट भरवलेच नाही. मनाला येईल तसे कर बसवले. पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई जुंपली आणि १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. १६८९ च्या कायद्यात मग लिहून ठेवले, की पार्लमेंट वरचेवर भरले पाहिजे.

आपली राज्यघटना करणाऱ्यांनी ही बाब मोघम ठेवली नाही. घटनेचे ८५ वे कलम सांगते, की संसदेच्या दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. राज्याच्या विधानसभेलाही १७४ व्या कलमाने हाच नियम लावला आहे. पण सहा महिने ही झाली शेवटची हद्द. विलायतेतला सगळा तंटा अवघ्या पाच आठवड्यांचा होता. तेव्हा नियम आहे म्हणून आपण निर्धास्त झोपावे, असे नाही. सभा कधी भरली, किती दिवस चालली, तिच्यात कोणते प्रश्न निघाले, हे वर्तमानपत्रात छापून येते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. ते वाचत जा.

आणि हे काम दिल्ली-मुंबईपासूनच सुरू करायला हवे असे नाही. गावात ग्रामसभा असते. तिची नोटीस लागते. ती नोटीस वाचा. सभेला जा, बायकांनीही जा. सरपंच आपल्या बाजूचा असला आणि सभा टळत असली, तरी ती का टळली हे विचारा. कारण उद्या सरपंच दुसऱ्या बाजूचा येईल. तेव्हा तुम्हांलाही सभा हवी असेल.

एवढे सांगून आम्ही थांबतो. रामराम.