कोणी काही सांगितलं का?

पत्रिकेवर विषय छापला होता ‘आपत्कालीन विभागातील रुग्णानुभवाचे मापन’. व्याख्यानमालेचं चौथं पुष्प गुंफायला उभ्या राहिलेल्या डॉक्टरबाईंनी आधी सभागृहालाच विचारलं, कॅज्युअल्टीच्या बाहेर रात्र काढलेले किती जण आहेत? निम्म्याहून अधिक हात वर गेले. मग केसपेपर, पोलीस केसची नोंद, डिपॉझिट हे तुम्हाला सांगायला नकोच, असं म्हणून त्या थेट इंग्लंडला पोहोचल्या.

तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने २००० साली ठरवलं की आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाचा निर्णय चार तासांत झाला पाहिजे. दाखल करा, हलवा किंवा घरी पाठवा. २००४ अखेर हे ९८ टक्के रुग्णांच्या बाबतीत व्हावं असं लक्ष्य होतं, २०१०मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणलं गेलं. रखडपट्टी कमी झाली, हे बाईंनी मोकळेपणाने सांगितलं. पण ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००५ साली आलेल्या एका अभ्यासातला आलेख त्यांनी हवेत बोटाने काढून दाखवला: चार तास भरायच्या आधीच्या वीस मिनिटांत बाहेर पडणाऱ्या रुग्णांची संख्या एकदम उसळते. “आजार काय घड्याळ बघून बरे होतात?” सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत.

इथून त्या इंग्लंडमधल्याच स्टॅफर्डला गेल्या आणि तिथेच रमल्या.

स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या आपत्कालीन विभागात हेलीन डॉनेली नावाची परिचारिका होती. चार तास उलटून गेलेल्या रुग्णांच्या नोंदीत वेळ बदलून लिहायला तिथल्या परिचारिकांना सांगितलं जाई. डॉनेलीने तक्रार केली. सहकाऱ्यांनी तिला इतकं धमकावलं, की अंधारात एकटीने गाडीपर्यंत जायची तिला भीती वाटे आणि घरचं कोणीतरी तिला न्यायला येई. पुढे झालेल्या जाहीर चौकशीसमोर तिने हे सगळं सांगितलं. त्याच रुग्णालयात २००७ साली आई गमावलेल्या ज्युली बेलीने आपल्या कॅफेच्या भिंतीवर तिथे दगावलेल्यांची छायाचित्रं लावली. आणि याच संस्थेला २००८च्या फेब्रुवारीत मानाचा स्वायत्त दर्जा मिळाला! वर्षभराने, २००९मध्ये, आरोग्य आयोगाचा अहवाल आला. आलेल्या रुग्णाची पहिली पारख वैद्यकीय प्रशिक्षण नसलेले स्वागतकक्षातले कर्मचारी करत होते, असं त्यात निघालं. फ्रान्सिस यांनी केलेल्या जाहीर चौकशीचा अहवाल यायला २०१३ उजाडलं. कागदावरची वेळ आणि बाकावरचा माणूस यांची गाठच पडत नव्हती, हे सांगताना बाईंचा आवाज चढला होता.

त्याच २०१३च्या एप्रिलपासून इंग्लंडभर रुग्णांना एक प्रश्न विचारला जाऊ लागला: हा विभाग तुम्ही आप्तमित्रांना सुचवाल का? प्रश्न आला होता व्यापारातून, गिऱ्हाईक टिकतं का हे जोखण्याच्या पद्धतीतून. छाती दुखायला लागल्यावर कोण मित्राचा सल्ला घेऊन कॅज्युअल्टी निवडतं? पुन्हा हशा. २०२०पासून तो प्रश्न बदलला, आता अनुभव कसा होता एवढंच विचारतात.

तिसऱ्या रांगेतले एक डॉक्टर मात्र तडकले. एकट्याने रात्रभर कॅज्युअल्टी सांभाळायची, वर मार्क पेशंटने द्यायचे? इंजेक्शन दिलं की खूश, नाही दिलं की वाईट डॉक्टर! बाईंनी त्यांची बाजू आणखी भक्कम करून दिली. अमेरिकेत जवळपास बावन्न हजार लोकांवर झालेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांनी सांगितला. डॉक्टरांवर सर्वाधिक समाधानी असलेल्या गटात खर्च जास्त आढळला आणि मृत्यूचं प्रमाणही. म्हणूनच समाधान विचारू नका, घडलं काय ते विचारा, हा त्यांचा आग्रह. वेदनेवर औषध किती वेळाने मिळालं? किती थांबावं लागेल, का थांबायचं, हे कोणी सांगितलं? घरी जाताना कशावर लक्ष ठेवायचं ते समजलं?

एवढ्यात संयोजकांची चिठ्ठी आली. दहाच मिनिटं उरली होती. आपल्याकडच्या ‘मेरा अस्पताल’ या २०१६पासूनच्या केंद्रीय योजनेला मग दोनच वाक्यं मिळाली: मोबाईलवर मत घेण्याची सोय चांगली आहे, पण सुरुवात समाधानापासून होते. उरलेला वेळ त्यांनी मनातल्या मुद्द्याला दिला. कारण न कळता काढलेला वेळ जास्त लांब वाटतो, हे व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५मध्ये लिहून ठेवलं आहे. जास्त डॉक्टर, जास्त खाटा यायला वर्षं लागतील. दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलणारा एक माणूस आजपासून नेमता येतो, आणि तो बोलला की नाही हे मोजताही येतं. मात्र विचारणारा त्या रुग्णालयाच्या पगारावरचा नसावा.

मागून कोणीतरी ओरडलं, “बेशुद्ध पेशंटला काय विचारणार?” बाई म्हणाल्या, त्याच्या माणसांना विचारा. इंग्लंडच्या सर्वेक्षणात फॉर्म भरायला जवळच्या माणसाची मदत घेता येते. पण मरण पावलेल्यांची नावं यादीतून आधीच काढली जातात, त्यांच्या घरच्यांकडे फॉर्म जातच नाही. स्टॅफर्डच्या चौकशीसाठी भांडत राहिली ती याच घरांतली माणसं.