दोन भावांचे एक व्रत



शताब्दीच्या या प्रसंगी पैनगंगेपलीकडील अमरावतीच्या अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंचे मी स्मरण करतो. शेताच्या बांधावरून भावाभावांनी कचेरीची पायरी चढावी, हे आपण नित्य पाहतो. या दोघांनी मात्र १९१४ मध्ये मिळून एका व्यायामशाळेचा पाया घातला. तेच आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे मल्लखांब, कबड्डी आदींची प्रात्यक्षिके दाखविली. ज्या खेळास तेलुगू मुले चेडुगुडू आणि मराठी मुले हुतुतू म्हणत आली, तो कबड्डी या नावाने १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ झाला.

टाळ्या खेळाडूच्या वाट्याला येतात. मैदान राखणारा संघटक पडद्याआडच राहतो. वाचनालयाचेही तसेच नाही का? ग्रंथकर्त्याचे नाव राहते. कुलूप उघडणारा, पुस्तकांवरील धूळ झटकणारा विस्मरणात जातो. या शंभर वर्षांत अशा किती हातांनी येथील मराठी जपली! आपल्या घरातील एक तरी मूल बोट धरून या दालनात आणावे. वैद्यबंधूंना आणि त्या अनाम हातांना तेच खरे वंदन ठरेल.