नाईक यशवंत घाडगे : नाव राखण्याचे कर्तव्य

(लोणी देवकर, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे येथील व्याख्यान)



नाव मागे राहणे म्हणजे काय, हे लोणी देवकरच्या परिसराला निराळे समजावून सांगावे लागत नाही. उजनीचा जलाशय भरला तेव्हा शेजारचे जुने पळसदेव पाण्याखाली गेले. माणसे वर येऊन नव्या जागी वसली. परंतु उन्हाळ्यात पाणी ओसरून पळसनाथाच्या मंदिराचे शिखर उघडे पडले, की जुने गाव पुन्हा बोलण्यात येते. बुडालेल्या गावाला निदान एक शिखर तरी उरते. परमुलखातील रणांगणावर कामी आलेल्या तरुणाचे काय उरते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी कोकणातील एका मुलाची हकिकत ध्यानात घेतली पाहिजे.

तत्कालीन कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात माणगाव तालुका आहे. त्या तालुक्यातील पळसगाव येथे १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. मुलूख डोंगराळ, शेती पावसाच्या भाताची. अशा शेतीवर वर्षभराची बेगमी होत नसे, म्हणून कोकणातील घरोघरचे तरुण दोन वाटांनी बाहेर पडत. एक वाट मुंबईच्या गिरणीकडे जाई, दुसरी पलटणीकडे. यशवंतराव पलटणीत गेले. ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक झाले. नाईक म्हणजे एका सेक्शनचा, सुमारे दहा जवानांचा नायक. अधिकार लहान, परंतु आघाडीवर दहा जणांचे प्राण त्याच्या शब्दावर असतात.

या पलटणीची परंपरा १७६८ पर्यंत मागे जाते. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही तिची युद्धघोषणा आहे. दुसऱ्या महायुद्धात तिच्या बटालियन आफ्रिकेत आणि युरोपात लढल्या. इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक होते. ४ जून १९४४ रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आले. त्यानंतर जर्मन सेना टेकडी टेकडीवर अडून लढत उत्तरेकडे मागे हटू लागली. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील अशा टेकड्या एकेक करून घेणे, हे त्या उन्हाळ्यात भारतीय सैन्याच्या वाट्याला आलेले काम होते.

१० जुलै १९४४ चा दिवस उजाडला. इकडे कोकणात भाताच्या लावणीचे दिवस होते. तिकडे मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चढाई केली. यशवंतरावांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. पाहता पाहता सेक्शनमधील सारे जवान ठार झाले किंवा जखमी होऊन पडले. उभा राहिला तो एकटा नायक. मागून येणारे कोणी उरले नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही ते न थांबता मशीनगनवर धावून गेले. प्रथम हातबॉम्ब टाकून त्यांनी ती तोफ आणि ती चालविणारा निकामी केला. मग टॉमी गनने आणखी एकास टिपले. मॅगझीन बदलण्यास सवड नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी ते हातघाईवर आले आणि दोघांनाही त्यांनी संपविले. ठाणे हाती आले. परंतु दबा धरून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी देह ठेवला. वय वर्षे बावीस.

नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या अशा वीस पदकांपैकी सहा भारतीयांनी मिळविली. मराठा पलटणीचेच नामदेव जाधव हे त्यांतील एक. ते हयात राहिले आणि स्वदेशी परतले. यशवंतरावांचे पदक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी १९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून स्वीकारले. पदक सैनिकाच्या छातीवर लावायचे असते. येथे ते त्याच्या विधवेच्या हाती ठेवण्यात आले. वीरकथा सांगताना या प्रसंगापाशी थांबणे आवश्यक आहे, कारण त्या दिवशी समारंभ संपला तरी लक्ष्मीबाईंच्या पुढचे आयुष्य उरलेच होते.

या ठिकाणी एक प्रश्न विचारला जातो आणि तो टाळणे योग्य नाही. हे युद्ध कोणाचे होते? १९३९ मध्ये भारत युद्धात उतरल्याची घोषणा व्हाइसरॉयने केली, ती भारतीय नेत्यांना न विचारता. यशवंतराव इटलीत लढत होते तेव्हा बेचाळीसच्या आंदोलनातील अनेक नेते तुरुंगात होते आणि सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालू होते. एकाच मराठी मुलखातील तरुण दोन भिन्न वाटांनी प्राण पणाला लावीत होते. युद्धाचा निर्णय पळसगावच्या तरुणाने घेतलेला नव्हता; त्याची जबाबदारी त्याच्या शिरी नाही. दहा सोबती पडल्यावर पुढे जायचे की मागे फिरायचे, एवढाच निर्णय त्याचा होता. तो त्याने कसा घेतला, हे जगाने पाहिले. साम्राज्याच्या धोरणाचा हिशेब इतिहासाने करावा. सैनिकाच्या नावावर त्याची वजावट करू नये.

इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. यशवंतरावांचे नाव कासिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर एकोणऐंशी वर्षांनी, टायबरच्या खोऱ्यातील मोंतोने या लहानशा गावाने त्यांच्या नावाचे स्मारक उभारले. ते स्मारक छायायंत्राच्या रूपात आहे आणि आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, असा बोध त्यावर आहे. ज्या गावाशी या तरुणाचे काही नाते नव्हते, त्या गावाने त्याचे नाव राखले.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रात पाहावयास मिळते. पहिल्या महायुद्धानंतर काही गावांत संगमरवरी पाट्या बसविण्यात आल्या. या गावातून इतके लोक युद्धावर गेले व इतके मरण पावले, एवढाच मजकूर त्यांवर आहे. नाव एकाचेही नाही. संख्या ही दप्तराची गरज असते. नाव ही गावाची गरज असते.

म्हणून ग्रामपंचायतीने आणि शाळेने एक साधे काम हाती घ्यावे. गावातून सैन्यात गेलेल्या प्रत्येकाचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, सैन्य क्रमांक, पलटण, आणि कामी आला असल्यास स्थळ व दिनांक, यांची नोंद एका वहीत करावी. घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच हे साधेल. ही केवळ स्मृतीची बाब नाही. विवाहानंतर पत्नीचे नाव बदलते. सैन्याच्या दप्तरात एक नाव आणि गावच्या कागदावर दुसरे राहिले, तर ऐन दुःखाच्या वेळी कुटुंब निवृत्तिवेतनाचे काम अडते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने आणि शिक्षकाने वेळीच लक्ष घालून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या साहाय्याने नोंदी जुळवून घेतल्या, तर एका विधवेचे हेलपाटे वाचतील. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनास निधी द्यावाच. त्याच दिवशी ही वहीही दरवर्षी तपासावी.

यशवंतराव घाडगे यांनी हाताखालच्या दहा जणांची जबाबदारी शेवटच्या श्वासापर्यंत सोडली नाही. गावाच्या वाट्याला आलेली जबाबदारी त्या मानाने फार लहान आहे. ती एका वहीत मावते.