सागरी गर्ता आणि किनाऱ्यावरील माणूस

महासागराची सर्वांत खोल जागा त्याच्या मध्यभागी असावी, असे सहज वाटते. वस्तुतः सर्वांत खोल गर्ता बेटांच्या रांगांलगत आणि खंडांच्या कडेला आढळतात. पॅसिफिकमधील मारियाना गर्ता ही त्यांत सर्वांत खोल. १८७५ मध्ये ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने दोर सोडून तेथे ८,१८४ मीटर खोली मोजली. पुढे तिचा तळ सुमारे १०,९०० मीटरांवर असल्याचे दिसून आले. एव्हरेस्ट शिखर तेथे ठेवले, तर त्यावर दोन किलोमीटर पाणी उरेल.

येथील पॅसिफिक भूपट्ट १५ कोटी वर्षांहून जुना, थंड व जड आहे. तो शेजारच्या भूपट्टाखाली वाकून शिरतो, तेथे गर्ता निर्माण होते. खडकांबरोबर खोल गेलेल्या पाण्यामुळे वरील खडक अंशतः वितळतात आणि त्या शिलारसातून ज्वालामुखी बेटांची रांग उभी राहते.

तळाशी सूर्यप्रकाश नाही. दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार व डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या यानातून तेथे पोहोचले. वरून पडणाऱ्या मृत जीवांच्या अवशेषांवर तेथे कोळंबीसारखे लहान कवचधारी प्राणी जगतात. जपानजवळील एका गर्तेत २०२२ मध्ये ८,३३६ मीटर खोलीवर मासा चित्रित झाला. मात्र अन्नाच्या वाटेने विषही खाली पोहोचते. विद्युत रोहित्रांत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या पीसीबी रसायनांचे अंश मारियाना गर्तेतील या कवचधारी प्राण्यांत आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

गर्तेतून किनाऱ्याकडे येणारे संकट याहून वेगवान असते. सुमात्रालगतच्या सुंदा गर्तेपाशी, भूपट्टांच्या सांध्यावर, शतकानुशतके साठलेला ताण २६ डिसेंबर २००४ रोजी ९.१ तीव्रतेच्या भूकंपाने मोकळा झाला. त्सुनामीने भारतात दहा हजारांहून अधिक बळी घेतले. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबाद येथे पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. भूकंपमापक आणि समुद्रतळावरील दाबमापक यांच्या नोंदींवरून तेथून इशारा दिला जातो.

परंतु निकोबारसारख्या जवळच्या बेटांवर लाट काही मिनिटांतच येऊ शकते. तेथे भूकंपाचा दीर्घ, जोरदार धक्का हाच पहिला इशारा होय. तो जाणवताच, अधिकृत सूचनेची वाट न पाहता, उंच जागी जाणे हेच हिताचे.